सूपभर कोंडा

जहाजावर नवा अधिकारी आला की जेवणाच्या मेजावर त्याला त्याच्या नावाचा अर्थ विचारायचा, अशी आमच्यात एक खोडी होती. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, कोंडबा हे आमच्याकडच्या एका जुन्या राजाचं नाव. पंजाबी, बंगाली, मल्याळी सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वाटीतली डाळ संपवली. थाप बेमालूम बसली, कारण भंडारा जिल्हा नकाशावर कुठे आहे हे त्या मेजावर कोणालाच माहीत नव्हतं, मग तिथले राजे कोण तपासणार? आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. माझं नाव धानाच्या कोंड्यावरून पडलं. धान कांडल्यावर तांदूळ वेगळा करून जो भुसा म्हशीपुढे टाकतात, तो कोंडा. सूपभर कोंडा देऊन मला विकत घेतलं होतं, आणि घेणारी बाई आमच्या घरची नव्हती.

माझ्या आधी आमच्या घरात तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. पहिली दोन एकाच हंगामात तापानं गेली. तिसरा शिवराम पाच वर्षांचा होऊन घराच्या मागच्या बोडीत, म्हणजे शेताला पाणी देणाऱ्या आमच्या लहान तळ्यात, बुडाला. चौथा मी. जिची मुलं टिकत नाहीत तिचं मूल जन्मल्याबरोबर दुसरीला विकून टाकायचं, ही आमच्या झाडीपट्टीतली जुनी रीत. मरण येतं ते आईची ओटी शोधत येतं, आणि मूल त्या ओटीतलं नसेलच तर हात हलवत परत जातं, असा त्यामागचा हिशेब. पाचवीच्या दिवशी सुईणीनं मला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं. गावातली ढिवरीण, म्हणजे माणसं नदीपार नेणारी कोळीण, कौसाबाई दुसरं सूप भरून कोंडा घेऊन आली, तो तिनं दारात ओतला आणि मला उचललं. दारातून नदीपर्यंत जाऊन तिनं माझ्या कपाळाला वैनगंगेचं पाणी लावलं आणि परत आणून सांभाळायला म्हणून आमच्याच घरी ठेवलं. पोराचं लग्न ठरलं की जन्मदात्रीनं लुगडं आणि पायलीभर तांदूळ देऊन त्याला परत घ्यायचं असतं. तोवर ते पोर घेणारीचं.

बहुतेक घरांत ही रीत म्हणजे दोन घटकांचं नाटक असे. सूप आत आलं की सगळे हसत, गूळ वाटत आणि विसरून जात. आमच्या घरात मात्र ती पाळली गेली. मला जन्म देणाऱ्या गोदाबाईला मी काकी म्हणायचो, आणि कौसाबाईला माय. माझी बोलायला जीभ वळली तेव्हापासून हेच शिकवलं होतं, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटत नसे. काकीनं मला कधी मांडीवर घेतल्याचं आठवत नाही. ती माझं सगळं करायची, पण दुसऱ्याची वस्तू जपावी तशी. जवसाची चटणी आणि तांदळाची भाकर माझ्यापुढे ठेवताना म्हणायची, तुझ्या मायनं धाडलं. उन्हाळ्यात आंबिलीचा गडवा द्यायची तेव्हाही हेच. पाहुणे आले आणि कोणी माझ्या अंगपिंडाचं कौतुक केलं की काकी तोंड वाकडं करून सांगायची, आमचं नाही ते, कौसाचं पोट्टं आहे. मला राग यायचा. लहानपणी मला खरंच वाटे की ही बाई मला सक्तीनं पोसते आहे. एकदा गोवर निघाला तेव्हा सात दिवस ती माझ्या खाटेजवळून हलली नव्हती, हे मला फार पुढे बाबांनी सांगितलं. त्या सात दिवसांतही ती मला नावानं हाक मारत नव्हती म्हणे.

आमचं गाव पवनीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठावर. बाजाराला आम्ही आसगावला जायचो. आता आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे आणि माणसं नव्या वस्तीत सिमेंटच्या घरांत राहतात. मागे गेलो होतो तेव्हा काठावर उभा राहून घर कुठे असेल याचा अंदाज घेत बसलो. आयुष्यभर नकाशावर जहाजाची जागा काढली, पण आमचा उंबरा कुठे होता ते काही मला नक्की सांगता आलं नाही. लहानपणी सकाळी जाग यायची ती पल्याडच्या काठावरून येणाऱ्या हाकेनं. कोणीतरी ओरडायचं, डोंगा आण वो कौसाबाई, आणि थोड्या वेळानं वल्ह्याचा आवाज यायचा. कौसाबाईचा नवरा एका पुरात गेला होता आणि मूलबाळ नव्हतं, म्हणून डोंगा तीच चालवायची. आठवड्यातून एक दिवस मी तिच्या झोपडीत जेवायचो. नदीतली बारीक बोटरी मासळी आणि जाडसर भात. तिच्या घरी माझं तोंड पुसलं जायचं, केसांतून हात फिरायचा, काटे काढून घास भरवला जायचा. मी मोठा झालो तरी ती काटे काढायची आणि मी काढू द्यायचो.

काकीचा माझ्यावर एकच कायदा होता आणि तो मोडायची गावात कोणाची छाती नव्हती. पाण्यात उतरायचं नाही. नदी नाही, बोडी नाही, रोवणीच्या बांधीत, म्हणजे भातखाचरातही गुडघ्याच्या वर पाणी असेल तर नाही. माझी अंघोळ बादलीतून व्हायची. गावची पोरं म्हशींच्या शेपट्या धरून बोडीत पोहायची तेव्हा मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. कौसाबाईला हे पटत नसे, पण या एका गोष्टीत तिनं काकीचं ऐकलं होतं. असा मी, नदीकाठी वाढलेला आणि ढिवरिणीचा म्हणवला जाणारा, सतरा वर्षांचा होईपर्यंत गळ्याइतक्या पाण्यात कधी उभा राहिलो नव्हतो.

आठवीनंतर बाबांनी मला भंडाऱ्याला त्यांच्या मावसभावाकडे ठेवलं. दिवसभर पितळेची भांडी ठोकल्याचा आवाज येणाऱ्या गल्लीत आम्ही राहायचो, आणि त्या ठोकाठोकीतच मी त्रिकोणमिती शिकलो. गणिताच्या मास्तरांनी मला लष्करी प्रबोधिनीचा अर्ज भरायला बसवलं. पहिली पसंती काय लिहू, विचारलं, तर ते म्हणाले, नौदल लिही, आपल्याकडचं कोणी लिहीत नाही, गर्दी कमी असेल. नोकरीचं एसटीसारखंच असतं, पुढे गर्दी असली की मागचं दार बघायचं. मी लिहिलं. समुद्र मी पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्याची भीतीही नव्हती. मुलाखतीत एका पांढऱ्या गणवेशातल्या साहेबांनी विचारलं, पोहता येतं का? मी म्हणालो, सर, नदी आमच्या घराच्या मागेच आहे. ते हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मी खोटं बोललो नव्हतो, पण खरंही बोललो नव्हतो, आणि भंडाऱ्यापर्यंतच्या परतीच्या गाडीत मला त्याची लाज वाटत राहिली. पोहता न येणाऱ्यांना शिकवायची प्रबोधिनीत चोख सोय असते, हे मला तिथे पोहोचल्यावर कळलं. पण तोवर माझ्या घरात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

निवडीचं पत्र आलं तेव्हा हलक्या धानाची कापणी सुरू होती. सोबत पालकांच्या संमतीचा कागद होता. बाबांनी तो दोनदा वाचायला लावला, डोक्याचा शेला काढून पुन्हा बांधला आणि म्हणाले, तिनं हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही. बाबा कमी बोलायचे, आणि बोलले की तेवढंच. काकी अंगणात धान पाखडत होती. मी पत्राचा अर्थ सांगितला. समुद्र म्हणजे काय ते सांगताना मी नदीचाच आधार घेतला, आणि तिथेच चुकलो. सुपाचा आवाज थांबला.

"मले कायले विचारून राहिला?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी तुयी कोण हावो? जिनं घेतलं तिले विचार. तिनं धाडलं तं जा."

मला ते तेव्हा क्रूर वाटलं. सतरा वर्षं जिनं वाढवलं तिनं असं अंग झटकावं? मी तसाच तावातावानं घाटावर गेलो. कौसाबाई डोंग्याच्या तळाशी साचलेलं पाणी डब्यानं उपसत होती. मी सगळं सांगितलं आणि काकीनं काय म्हटलं तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल, पाठीवर थाप मारेल, कारण ती पाण्याची माणूस. तिनं डबा खाली ठेवला. मग विचारलं, किती दिवस लागतात त्या समुद्राच्या पल्याड जायले? मी म्हणालो, कधी कधी महिना. तिनं विचारलं, अन् काठ दिसते का? मी म्हणालो, नाही.

"म्या कोंडा देलता," ती म्हणाली. "रीत म्हणून नाही देलता. माया घरी कोणी नव्हतं म्हणून देलता. गोदाले वाटते का लेकरू तिचंच जाऊन राहिलं."

हे ऐकून माझा सगळा ताव उतरला. मी लहानपणापासून या दोघींच्या मधे वावरत होतो, पण यांतली कोणती रीत आणि कोणती माया, हे मी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी ती उठली आणि म्हणाली, उद्या उजाडताना ये, जुनं धोतर आण. वैनगंगा पोहून गेलास तर धाडीन, नाही तर धान कापत बस.

माझ्या पाठीवर दोन वाळलेले भोपळे बांधून तिनं मला पाण्यात लोटलं. पहिले चार दिवस मी फक्त नाकातोंडात पाणी घेतलं. ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची, लुगड्याचा काचा मारून, आणि हनुवटीखाली एक बोट धरायची. एकच बोट, जास्त नाही. पुढे मला मोठमोठ्या शिक्षकांनी शिकवलं, शिट्ट्या फुंकून आणि घड्याळ लावून, पण तसं बोट कोणी धरलं नाही. आठव्या दिवशी एक भोपळा सुटला, पंधराव्या दिवशी दुसरा. मी ओल्या केसांनी घरी यायचो. काकी बघायची. ताटात भात वाढायची आणि नेहमीसारखं तुझ्या मायनं धाडलं म्हणायची. त्या दिवसांत तिचं स्वतःचं ताट बहुतेक वेळा तसंच झाकलेलं असे. तिनं मला अडवलं असतं तर मी थांबलो असतो, हे आज कबूल करतो. पण अडवायचं तर माझ्यावर हक्क सांगावा लागला असता, आणि तो सांगायची तिची हिंमत नव्हती.

ठरलेल्या सकाळी घाटावर बाबा होते, मी होतो, कौसाबाई डोंगा घेऊन होती. मग काकी आली. ती कधीच नदीवर येत नसे, धुणंही विहिरीवरच धुवायची. ती चिंचेखाली नदीकडे पाठ करून बसली. सोबत सुपात निवडायची लाखोळी डाळ आणली होती. पाऊसकाळ नुकताच सरला होता आणि पात्र चांगलं भरलेलं होतं. मी देवाचं नाव घेऊन उतरलो. कौसाबाई डोंगा घेऊन मागे निघाली. तिनं आधीच बजावलं होतं की हात देणार नाही, फारच झालं तर वल्हं देईन, पण वल्हं धरलंस की गोष्ट संपली.

अर्ध्यापर्यंत बरं गेलं. मधे धार लागली आणि मी तिरपा वाहायला लागलो. हात जड झाले, एकदा डोकं खाली गेलं, वर आलो तेव्हा डोंगा दोन हातांवर होता. वल्हं माझ्या इतक्या जवळ होतं की त्यावरचं शेवाळ दिसत होतं. मी त्याच्याकडे बघितलं. कौसाबाईनं बघितलं की मी बघतो आहे. मग तिनं वल्हं हळूच दुसऱ्या बाजूला घेतलं आणि डोंगा थोडा लांब नेला. मला रडू आलं, पोहतापोहता. पल्याडच्या काठावर माझे गुडघे वाळूला लागले तेव्हा मी उलटी केली आणि तिथेच पालथा पडलो.

ती डोंगा ओढून माझ्याजवळ येऊन बसली. तिचा चेहरा ओढलेला होता.

"म्या मुद्दाम रुंद जागा धरली होती," ती म्हणाली. "वाटलं, अर्ध्यात वल्हं धरशीन. मंग ऱ्हाशीन इथंच."

मी विचारलं, मग वल्हं बाजूला काहून घेतलं? ती माझ्या पाठीवरची वाळू झाडत राहिली.

आम्ही डोंग्यातून परत आलो. काकी तशीच पाठमोरी बसली होती. जवळ गेलो तेव्हा दिसलं की निवडलेली डाळ आणि खडे तिनं पुन्हा एकत्र करून टाकले होते. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. कौसाबाईला विचारलं, "आलं का वो तुयं?"

"आलं," कौसाबाई म्हणाली.

काकीनं डोळे मिटले. मग बाबांना म्हणाली, सही करा. उठताना तिला चिंचेच्या बुंध्याचा आधार घ्यावा लागला, आणि सूप बाबांनी उचललं.

निघायच्या दिवशी पौषाची थंडी होती. कौसाबाईनं मला कुंकू लावलं, हातावर दही दिलं, गळ्यात पडून रडली. काकी दाराच्या आत उभी होती. मी पाया पडायला वाकलो तर तिनं पाय मागे घेतले, म्हणजे आशीर्वादाला माझ्या डोक्यावर हात ठेवावा लागायला नको. मग अगदी हलक्या आवाजात बोलली, "सरकारच्या कागदावर मायचं नाव इचारतीन. तिथं तिचं लिहिजो. मायं नाव कुठंच लिहू नको. लिहिलं तं माया गळ्याची शपथ हाय तुले." त्या क्षणी मला पहिल्यांदा समजलं की ही बाई मला झटकत नाही, लपवते आहे. जन्मल्या दिवसापासून ती मला लपवत होती. मी एसटीत बसलो आणि पवनी येईपर्यंत तोंडावर शेला घेऊन बसलो.

प्रबोधिनीत भला मोठा अर्ज आला. आईचे नाव या रकान्यापुढे मी कौसाबाई लिहिलं. मृत्यू झाल्यास कोणाला कळवावे, तिथे बाबांचं. पुढच्या प्रत्येक बढतीला, प्रत्येक नव्या जहाजावर तीच नोंद माझ्यामागे येत गेली. वादळं पाहिली, एकदा इंजिनखोलीतली आग पाहिली, दिवसच्या दिवस काठ न दिसणारं पाणी पाहिलं. सुटीला गेलो की काकी लांबूनच विचारायची, पाणी कसं हाय. माझं लग्न ठरलं तेव्हा मी हट्ट धरला की आता तरी लुगडं आणि तांदूळ दे आणि मला परत घे. बाबांनी लुगडं आणूनही ठेवलं होतं. ती ऐकेना. म्हणाली, जवरी तू पाण्यावर हायस तवरी नाही. नोकरी सुटली की घेईन, घाई काय हाय? मुलाच्या आईनं करायचं ते सगळं मांडवात कौसाबाईनं केलं, आणि काकी पाहुण्यांना पाणी देत फिरत होती. माझी बायको नागपूरची, शिकलेली. तिनं हा प्रकार बघून पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, तुम्ही दोघींत वाटलेले नाही आहात, दोघीही तुमच्यावाचून राहिल्या आहेत.

नोकरी सुटायला अजून पुष्कळ वर्षं होती. आमचं जहाज दुरुस्तीनंतर बंदरात लागलं होतं आणि दोन दिवसांनी मोठ्या सरावासाठी निघणार होतं, तेव्हा बाबांची तार आली. गोदाबाई वारली, लवकर ये. एवढंच. बाबांनीही शेवटपर्यंत तिचा शब्द पाळला होता, नातं लिहिलं नव्हतं.

तार घेऊन मी उपकप्तानांच्या खोलीत गेलो. ते सज्जन गृहस्थ होते, पण सरावाच्या तोंडावर अधिकारी सोडायचा तर त्यांना कारण लागणारच. आई किंवा वडील असतील तर प्रश्न नव्हता. त्यांनी माझी फाइल मागवली, चष्मा लावून पान उलटलं आणि बोट ठेवलं. म्हणाले, तुमच्या आईचं नाव कौसाबाई आहे. त्या ठीक आहेत ना? मी हो म्हणालो. त्यांनी तार पुन्हा वाचली आणि विचारलं, मग या गोदाबाई तुमच्या कोण?

काकी, असं म्हणायला माझी जीभ सवयीनं वळली होती. मी तिला आवरलं. समोर गोल खिडकी होती, तिच्यातून बंदराचं तेलकट पाणी दिसत होतं, आणि मी एकतीस वर्षांचा होतो. आता तिची ओटी शोधत मरण पुन्हा येणार नव्हतं.

"सर, ती माझी आई," मी म्हणालो. तिच्यासाठी हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारला, आणि तोही अगदी हलक्या आवाजात, कारण पायाखाली पाणी होतं.